तेवीस तासांचं भाडं

१

यंत्र महिनाभर कुंपणाबाहेर गेलं नव्हतं, एका भिंतीखेरीज दुसऱ्या कशाला त्यानं हात लावला नव्हता, आणि तरीही ते कामापेक्षा तेवीस तास जास्त चाललं होतं. या तेवीस तासांपायी संघमित्रा गमरे सोमवारी सकाळी माझ्या दारात उभी राहिली. पंचविशीची मुलगी. एका हातात पिवळं हेल्मेट, दुसऱ्या हातात फाईल, आणि रडून सुजलेले डोळे.

"मालनताई पेडणेकर तुम्हीच ना? रे रोडला मशिनरी भाड्यानं देतात, तिथे होतात?"

"एकतीस वर्षं. बिलं मीच करायचे. आता कुणाकडेच नाही. आत ये."

खरं सांगायचं तर ती वर्गणी मागायला आली असती तरी मी तिला आत घेतलं असतं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. लग्न केलं नाही, भाचेमंडळी पुण्याला. दिवसाकाठी माझं दोघांशी बोलणं होतं, एक दूधवाला आणि दुसरा राँग नंबर.

मी काळाचौकीला राहते, गंगासदनात, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या पाठीला मेस्त्री चाळ होती. दोन्ही इमारती एकाच मालकानं बांधलेल्या, त्यामुळे मधली भिंत एकच. पण चाळीचं दार पलीकडच्या गल्लीत, जायचं तर सगळा वळसा घालून दहा मिनिटं. एक्केचाळीस वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. जायला कारण लागतं आणि मला ते कधी सापडलं नाही.

चाळकऱ्यांनी बिल्डर न घेता स्वतःच नवी इमारत बांधायचं ठरवलं, बँकेचं कर्ज काढलं, चाळ पाडली आणि सगळे भाड्याच्या खोल्यांत पांगले. चाळ गेली तशी आमची पाठची भिंत उघडी पडली. पावसाच्या आधी तिला बाहेरून प्लास्टर करून द्यायचं हे त्यांच्याकडे लागलं. त्यासाठी त्यांनी महिनाभर बूम लिफ्ट भाड्यानं आणली. लांब हाताचं डिझेलवर चालणारं यंत्र, हाताच्या टोकाला पाळणा, आणि पाळण्यात माणसं उभी राहून चौथ्या मजल्यापर्यंत काम करतात. दुपारी मी जेवायला बसले की भिंतीपलीकडून त्याची घरघर यायची. लोकांना आवाजाचा त्रास होतो, मला झाला नाही. एकटीच्या जेवणाला तेवढीच सोबत. कधी तो आवाज नसला की मी रेडिओ लावायचे.

"मी तिथली सुपरवायझर," संघमित्रा म्हणाली. "आमची पण खोली होती चाळीत, तळमजल्याला. यंत्राच्या कामाचे तास रोज मी लॉगशीटवर लिहिते. महिन्याचे दोनशे सहा झाले. यंत्रातलं मीटर म्हणतंय दोनशे एकोणतीस. महिना भरून आठवडा झाला, थोडं प्लास्टर राहिलंय म्हणून मशीन अजून इथेच आहे. सेक्रेटरी राऊळ म्हणतात, मी पैसे खाऊन मशीन दुसऱ्या साईटला वापरायला दिली. रविवारी मीटिंग आहे. मला काढणार आणि पोलिसात देणार."

"आणि दिलीस का?"

ती मग हेल्मेट जमिनीवर ठेवून म्हणाली, "ताई, बाबांनी ह्या नोकरीचे पेढे वाटलेत सगळीकडे. आमच्यावर आधीच नजर जास्त असते. एकदा चोर म्हणून नाव झालं की पुढं कुठल्या साईटवर कोण उभं करेल मला?"

मी चष्मा लावला आणि फाईल उघडली.

२

भाड्याचं यंत्र म्हणजे लोकांना वाटतं महिन्याचा आकडा दिला की झालं. तसं नसतं. मी तिला चहा दिला आणि कराराच्या कागदावर बोट ठेवत गेले. महिन्याचं भाडं एक लाख पंचेचाळीस हजार. पण ते दोनशे आठ तासांचं, म्हणजे सव्वीस दिवस रोज आठ तास. कमी चाललं तरी पूर्ण भरायचं, जास्त चाललं तर दर तासाला सहाशे सत्त्याण्णव वेगळे. ट्रेलरवरून आणणं-नेणं तुमच्याकडे, डिझेल तुमचं, ऑपरेटरचा जेवणाखाण्याचा भत्ता तुमचा, वर अठरा टक्के जीएसटी. स्वस्त वाटलेलं यंत्र महाग पडतं ते या खालच्या ओळींमुळे.

"आणि ही शेवटची ओळ वाचलीस?" मी विचारलं. "मीटर आणि लॉगशीट यांत जे जास्त असेल त्याचं बिल. हे कुणी मान्य केलं?"

"घाडीकाकांनी. राजाराम घाडी, आमचे अध्यक्ष. एक लाख साठवरून खाली आणलं त्यांनी घासाघीस करून. म्हणाले, मीटरला काय घाबरायचं, आपण काम करणार तेवढंच ते फिरणार."

सगळे इथेच फसतात. मीटर काम मोजत नाही, इंजिन किती वेळ चालू होतं ते मोजतं. पाळणा हलो न हलो, चावी फिरवली की काटा चालू.

दोनशे आठच्या वर एकवीस तास. त्याचे करासकट सतरा हजार दोनशे बहात्तर. एका चाळकरी कुटुंबाचं महिन्याचं घरभाडं. आकडा फार मोठा नव्हता, पण राऊळांना आकडा टोचत नव्हता, त्यांना चोर हवा होता.

यंत्राचा मालक अभय म्हणजे माझ्या जुन्या शेठचा मुलगा. त्याला फोन लावला.

"मालनताई! जिवंत आहात? अहो, मग फोन का नाही करत?"

"तूच करत जा. तुझा ऑपरेटर रोज सकाळी मीटरचा फोटो पाठवतो ना तुला? महिन्याचे सगळे मला पाठव."

पाच मिनिटांत फोटो आले. मी जुन्या सवयीनं कागदावर रेघा मारल्या. आजच्या सकाळचा आकडा वजा कालच्या सकाळचा, त्यातून लॉगशीटचे तास वजा. सोमवार, जास्तीचा एक तास. मंगळवार, एक पूर्णांक एक. गुरुवार, एक. शुक्रवार, शनिवार, तसंच. सव्वीसपैकी बावीस दिवस रोज साधारण तासभर. राहिलेले चार दिवस शून्य, आणि ते चारही बुधवार.

"बुधवारी साईटवर काय वेगळं असतं?" मी विचारलं.

संघमित्राचा चेहरा उतरला. 

"बुधवारी अकरा ते चार दादरला आर्किटेक्टकडे मीटिंग असते," ती म्हणाली. "बुधवारी साईटवर मी नसते."

३

"मग झालं तर!" हितेंद्र राऊळ टाळी देण्याच्या बेतात होते. हा माणूस फोर्टला बँकेत नोकरीला, साईटवर येणार ते चारनंतर, हापिसचं कार्ड गळ्यात तसंच. मंगळवारी माझ्यासाठी त्यांनी अर्धी रजा टाकली होती आणि ती वसूल करायची त्यांना घाई होती. "ती असते तेव्हा मशीन जास्त चालते. ती नसते तेव्हा नाही. पेडणेकर बाई, तुम्ही तर केसच सॉल्व्ह केलीत."

"डिझेलची वही बघू," मी म्हटलं.

वही बघितली. महिन्यात साडेसातशे लिटर भरलं होतं. हे यंत्र काम करताना तासाला साडेतीन लिटर पितं. दोनशे सहा तासांचे सातशे एकवीस.

"राहिले एकोणतीस," मी म्हटलं. "राऊळ, तेवीस तास दुसऱ्या साईटवर काम केलं असतं तर ऐंशी लिटर लागले असते. एकोणतीस लिटरमध्ये हे यंत्र तेवीस तास फक्त उभं राहून घरघर करू शकतं. कुणीही काम केलं नाही. इंजिन चालू ठेवून कुणीतरी नुसतं थांबलं होतं."

"त्या साईटवाल्यांनी डिझेल घातलं असेल त्यांचं."

"आणि हे धूड तासाभरात नेऊन आणलं? चालतं ते माणसाच्या चालीनं. गल्लीतून बाहेर काढलं असतं तर अर्धी काळाचौकी मागे चालत गेली असती."

राऊळ वाईट माणूस नव्हता. चाळीतल्या चाळीस घरांचं कर्ज त्यांच्या सहीवर होतं आणि त्यांना रात्री झोप येत नव्हती, एवढंच. "मग चालू ठेवून करायचं काय?" ते पुटपुटले. "कुणी फुकट कशाला डिझेल जाळेल?"

ऑपरेटर राकेश यंत्र पुसत उभा होता. धुळ्याकडचा, तिशीचा, गळ्यात तुळशीची माळ. मी विचारायच्या आधीच त्यानं तक्रार सुरू केली. "म्याडम, तुमच्या अभयशेठला सांगा ना, बॅटरी बदला म्हणून. एकदा बंद केली का परत चालू व्हायची ग्यारंटी नाही. रोज सकाळी टेम्पोची बॅटरी लावून जंप मारतो मी."

"जेवायच्या सुट्टीत बंद करतोस?"

"करतो की," तो म्हणाला, पण यंत्र पुसायचा फडका उगाच पिळत राहिला.

मी मान वर केली. आमच्या इमारतीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. सगळी भिंत ताज्या राखाडी प्लास्टरची, फक्त तिसऱ्या मजल्यावर दरवाजाएवढा एक तुकडा तसाच राहिला होता. हिरव्या ऑइलपेंटचा. चाळीतल्या कुणाच्या तरी खोलीची आतली बाजू.

"तेवढं का सोडलं?" मी प्लास्टरवाल्यांना विचारलं.

"साहेब बोलले ते शेवटी करा."

"कुठले साहेब?"

त्यांनी राकेशकडे बोट केलं. "ह्याला बोलले होते. ह्यानं आम्हाला सांगितलं."

"मी तर काही बोललो नाही," राऊळ म्हणाले.

राकेशनं फडका खांद्यावर टाकला. "म्याडम, माझी नोकरी गेली तरी चालेल. मी शब्द दिलाय. नाव नाही सांगणार."

४

"नाव नको सांगूस," मी म्हटलं. "मला वर ने."

त्रेसष्टाव्या वर्षी मी अंगाभोवती पट्टे आवळून, डोक्यावर संघमित्राचं हेल्मेट घालून पाळण्यात चढले. एकतीस वर्षं ज्या यंत्रांची बिलं केली त्यातल्या एकातही मी कधी पाय ठेवला नव्हता. भीती वाटली आणि मजाही वाटली. संघमित्रा सोबत होती, राकेश कळ दाबत होता. पाळणा डुलत वर गेला आणि हिरव्या तुकड्यासमोर थांबला.

पहिली गोष्ट पायाशी सापडली. पाळण्याच्या कडेला वाळलेली चार शितं आणि एक काटा. बांगड्याचा.

"राकेश, तू मासे खातोस?"

"माळ आहे म्याडम गळ्यात."

म्हणजे राकेशसोबत इथे दुसरं कुणीतरी बसून जेवत होतं. मी भिंतीकडे वळले. कॅलेंडर टांगायचा खिळा, त्याखाली फिकट चौकोन. त्याच्या शेजारी, उभ्यानं हात पोचेल अशा उंचीवर, टेलिफोन नंबर लिहिलेले. कधीकाळी तिथे फोन असणार. काही पेन्सिलीनं, काही निळ्या पेनानं, जुन्या नंबरांच्या पुढे, ते आठ आकडी झाले तेव्हा घुसडलेला दोनचा आकडा. सगळं एकाच बाईचं वळणदार अक्षर. 'गॅसवाला (खोटं बोलतो)'. 'माया डोंबिवली, रविवारीच उचलते'. 'डॉक्टर, पैसे आधी विचारणे'. आणि सगळ्यात वर, ठळक, 'ह्यांचं ऑफिस'.

मला हसू आलं, मग पुढचं सुचलं तसं ते गेलं. मी अंतर मोजलं. वरून कितवा मजला, जिन्यापासून किती लांब. या हिरव्या तुकड्याच्या मागे माझं स्वयंपाकघर होतं. महिनाभर दुपारी एक ते दोन मी जेवताना जी घरघर ऐकत होते ती जेवणाच्या सुट्टीतली होती. तेव्हा तर कामगार पुढच्या गल्लीत डबे उघडून बसलेले असतात आणि संघमित्रा, तिनंच सांगितलं, जेवायला घरी गेलेली असते. आणि रेडिओ मी लावायचे तो बुधवारी, हेही आत्ता आठवलं. मी आत पाटावर, कुणीतरी बाहेर पाळण्यात, मध्ये नऊ इंचांची भिंत. आम्ही दोघं महिनाभर समोरासमोर बसून जेवत होतो.

बॅटरीचं कोडंही तिथेच सुटलं. वर माणूस असताना राकेशनं इंजिन बंद केलं असतं आणि ते परत चालू झालं नसतं, तर तो माणूस तिसऱ्या मजल्यावर लटकत राहिला असता. म्हणून इंजिन चालू ठेवलं. म्हणून मीटर फिरत राहिलं.

"संघमित्रा, महिन्यात रजा घेतलीस?"

"एकच दिवस. दुसऱ्या शुक्रवारी, परीक्षा होती सुपरवायझरच्या लायसन्सची. तास राकेशकडून दुसऱ्या दिवशी लिहून घेतले."

मी पिशवीतून कागद काढला. दुसरा शुक्रवार, जास्तीचा एक पूर्णांक एक तास. ती साईटवर नव्हती आणि तरी मीटर फिरलं होतं. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला, आणि पाळण्याच्या कठड्यावर डोकं टेकून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुणाच्या पाठीवर हात ठेवून मला किती वर्षं झाली होती ते आठवेना.

राऊळ चारच्या आत कधी येत नाहीत, म्हणजे ते नव्हेत. राकेशनं साहेब म्हणावं, फक्त बुधवारी दुपारी साईटवर नसावा, बांगडा खावा असा माणूस मग एकच राहत होता. तरी मी विचारलं.

"बुधवारी आर्किटेक्टकडे तू एकटीच जायचीस?"

तिनं डोळे पुसले. "नाही. घाडीकाका यायचे." मग तिनं हिरव्या भिंतीकडे बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. "ताई, ही चौतीस नंबर. ही घाडीकाकांचीच खोली."

५

राजाराम घाडी कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या माडीवर भाड्यानं राहत होते. मी बुधवारी संध्याकाळी गेले. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, न उघडलेली खोकी. खोक्यांवर त्याच वळणदार अक्षरात 'डबे', 'देव', 'ह्यांचे कागद'.

"सामान लावलं नाहीत?"

"तिनं बांधलेलं," ते म्हणाले. "चाळ सोडली आणि अडीच महिन्यांत ती गेली. मग खोकी सोडायला जीव झाला नाही."

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. आयुष्यभर गिरणीच्या टाइमकीपर हापिसात आकडे वाचलेला माणूस, त्यांना बुधवारच्या शून्यांवर नजर टाकली तेवढी पुरली.

"पहिल्या दिवशी सहज गेलो होतो," ते म्हणाले. "काम कसं चाललंय ते बघायला. पाळणा वर गेला आणि समोर तिचं अक्षर. चाळ पाडली तेव्हा मी मुद्दाम आलो नव्हतो. मला वाटलेलं सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. त्या पोराला म्हटलं, एक तास. मीटर फिरतंय हे डोक्यात नाही आलं, बाई. करार मीच केला, ओळ मीच वाचली, आणि मलाच ते सुचलं नाही."

"बिल आल्यावर सुचलं असेल."

"सुचलं."

"आणि तुम्ही पोरीवर आळ येऊ दिलात."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची दया येत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो.

"पैसे मी भरतो," ते म्हणाले. "सतरा हजार दोनशे बहात्तर. आत्ता काढून देतो. तुम्ही सांगा, मीटर बिघडलं होतं."

"एकतीस वर्षांत मी बिघडलेल्या मीटरचं खोटं प्रमाणपत्र कुणाला दिलं नाही, तुम्हालाही देणार नाही. आणि पैशांचा प्रश्नच नाहीये हा, घाडी. ती चोर नाही हे मी सिद्ध करू शकते. पण नुसतं ती नव्हती म्हटलं तर लोक म्हणणार, मग तिच्या ओळखीचा कुणी असेल. जोवर खरं नाव येत नाही तोवर तिचं नाव राहणार."

"अध्यक्ष पाळण्यात बसून भिंतीशी बोलतो, म्हणतील. हसतील." ते उठून खिडकीशी गेले.  "माका सगळ्यांसमोर सांगूक जमाचा नाय."

"रविवारी सकाळी दहाला," मी म्हटलं. "तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. पण तुम्ही बोललात तर बरं."



६

मीटिंग मंडळाच्या हॉलमध्ये होती. कल्याण, विरार, बदलापूरहून लोक आले होते, महिन्यातून एकदा भेटणारे, आणि एरवी आनंदानं गोंगाट झाला असता. संघमित्रा पहिल्या रांगेत वडिलांशेजारी. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते कुणाकडे बघत नव्हते. तिच्या मांडीवर एक पाकीट होतं. राजीनामा आहे हे मला न विचारता कळलं.

घाडी मधल्या खुर्चीत, अध्यक्षांच्या. राऊळांनी तासांचे आकडे वाचले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पेडणेकर बाईंनी तपास केलाय. त्या सांगतील."

मी उभी राहिले. डिझेलचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं, दुसऱ्या शुक्रवारचं सांगितलं. हळूहळू सांगितलं, प्रत्येक आकड्यानंतर थांबले आणि मधल्या खुर्चीकडे बघितलं. घाडी टेबलाकडे बघत होते.

"म्हणजे मुलगी नव्हती," मागून कुणीतरी म्हणालं. "मग हिनंच कुणाला तरी चावी दिली असणार."

संघमित्राचे वडील उठले. तिचा हात धरून म्हणाले, "चल बाळा." ती उठली, पाकीट टेबलावर ठेवायला पुढे आली.

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"मी होतो," राजाराम घाडी म्हणाले. "तेवीस तास मी वर बसलो होतो. चौतीस नंबरच्या भिंतीसमोर. हिला माहीत नव्हतं. त्या ऑपरेटरला मी गळ घातली. आणि आळ आल्यावर पंधरा दिवस मी गप्प बसलो."

कुणीतरी हसलं, अगदी थोडं, आणि लगेच थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "तिथं काय होतं हो?"

"शैलाचं अक्षर," ते म्हणाले. 

राऊळ इतके गोंधळले की त्यांनी हातातला ठराव घडी घालून खिशात टाकला. संघमित्राकडे वळून ते म्हणाले, "माझं चुकलं." असं म्हणताना त्यांनी गळ्यातलं कार्ड उगाच काढून ठेवलं. बरं वाटलं मला. मुलीच्या वडिलांनी तिचा हात सोडला, पण ते बसले नाहीत.

घाडी टेबलाच्या अलीकडे आले. गमरे बापलेकीपुढे त्यांनी हात जोडले. "पैसे मी भरतोय. अध्यक्षपद आजच सोडतोय. तू मात्र जाऊ नकोस, पोरी."

संघमित्रानं त्यांचे जोडलेले हात खाली केले नाहीत. 

"काका, मला एकदा सांगितलं असतंत ना," ती म्हणाली, "तर मी स्वतः वर घेऊन गेले असते तुम्हाला. लॉगशीटवर लिहिलं असतं, अध्यक्षांची भिंत पाहणी, एक तास. रोज लिहिलं असतं. कुणी विचारलंही नसतं."

"विचारायची सवय गेली, बाळा," ते म्हणाले. "बोलायचीच गेली."

"माझे बाबा पंधरा दिवस घरातून बाहेर पडले नाहीत, काका."

 तिनं राजीनाम्याचं पाकीट फाडलं नाही. दुमडून पर्समध्ये ठेवलं. राऊळांना म्हणाली, "मशीन उद्या पाचला परत जातेय. राहिलेलं प्लास्टर सकाळी सुरू करते. त्याच्या आधी मी त्या भिंतीचा फोटो काढून काकांना पाठवीन. पुढचं पुढच्या महिन्यात बघू." आणि वडिलांना घेऊन ती निघून गेली. घाडी तिच्या मागे दारापर्यंत गेले, तिनं वळून बघितलं नाही.

लोक चहाला पांगले. हॉलमध्ये खुर्च्या राहिल्या, घाडी राहिले आणि मी. मी फाईल पिशवीत घालून निघणार होते. घरी जाऊन करायचं तसं काही नव्हतं.

"बाई," घाडी म्हणाले, "तुम्ही पलीकडे राहता ना? चौतीसच्या पाठीला? शैलाला ओळखत होता?"

"नाही. कधी भेटलेच नाही," मी म्हटलं. आणि मग, इतक्या वर्षांत कुणालाच न सांगितलेली गोष्ट मी सांगून टाकली. "पण ऐकायचे. एक्केचाळीस वर्षं. भिंत काही एवढी जाड नव्हती."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला पिशवी खाली ठेवावी लागली.

"काय ऐकलात?"

"काय म्हणजे, सगळंच."

"सांगा ना मग," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"पहाटे साडेपाचला पाणी यायचं," मी म्हटलं. "त्या आधी तुम्हाला दोन शिव्या घालायच्या, आणि मग नळ सोडायच्या."

"कसल्या शिव्या?" राजाराम घाडींनी विचारलं, आणि मी आठवतील तशा एकेक सांगत गेले.